शंभर टक्के ब्लॉक: संमतीपत्रावर सही करण्याआधी

अँजिओग्राफीच्या रिपोर्टात हृदयाच्या धमनीत ‘१०० टक्के ब्लॉक’ दिसलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग आजच ती उघडून टाकायची का? मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. पेशंट टेबलावर असतो तेव्हा मी काचेच्या अलीकडे बसून ईसीजी, दाब आणि फिल्म सांभाळते. डॉक्टर पुढच्या केसला गेले की हा प्रश्न कॉरिडॉरमध्ये मला गाठतो. उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. पण उत्तरापर्यंत कसं पोचायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

बंद कधी पडली, हे आधी

शंभर टक्के दोन तऱ्हांचं असतं आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. एक ताजं: छातीत दुखतंय, घाम फुटलाय, ईसीजीत अटॅक दिसतोय. धमनीत नुकतीच गुठळी झालेली असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. तिथे चर्चा करत बसायचं नाही. सही करा आणि पेशंटला आत जाऊ द्या. या लेखातलं पुढचं काहीच अशा पेशंटना लागू नाही.

दुसरं जुनं. धमनी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद आहे आणि समोरून जराही रक्त पुढे जात नाही. याला क्रॉनिक टोटल ऑक्लूजन म्हणतात. आमच्या बोलण्यात नुसतं ‘सीटीओ’. अँजिओग्राफीत धमन्यांचा आजार निघालेल्या साधारण पाच-सहा जणांत एकाला तो सापडतो, त्यामुळे आपल्याच घरात काही अघटित घडलं असं समजू नका. ती नेमकी कधी बंद पडली याचा पुरावा क्वचितच हाती असतो. जुनी अँजिओग्राफी, आधीच्या अटॅकची तारीख, दम लागायला कधी सुरुवात झाली याची आठवण, यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. तेव्हा जुनी फाइल घरी ठेवून येऊ नका.

या दोन्हींच्या मधे एक अवघड गट आहे. अटॅक काही दिवसांपूर्वी येऊन गेला, पेशंट उशिरा पोचला, आता दुखत नाही, सगळं स्थिर आहे, पण धमनी बंदच आहे. अशांची धमनी उघडून ठेवलेली बरी, असं कुणालाही वाटेल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओएटी’ या चाचणीत अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांतल्या अशा २,१६६ जणांवर हेच तपासलं गेलं. सरसकट धमनी उघडल्यानं मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर यांत घट झाली नाही. म्हणून अशा वेळी सरळ विचारा: दुखत नसताना आत्ता उघडायचं कारण काय? पुन्हा दुखू लागणं, स्ट्रेस टेस्टमध्ये बिघाड दिसणं अशी कारणं असू शकतात. पण कारण ऐकायला मिळालं पाहिजे.

फिल्म दाखवा म्हणावं

शंभर टक्के बंद आणि तरी माणूस चालत आला, हे कसं? फिल्म पाहिली की कळतं. समजा उजवी धमनी बंद आहे. तिच्यात डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडला की काळी रेघ थोडी पुढे जाते आणि मधेच संपते. मग डाव्या धमनीत डाय सोडतात, आणि अशा वेळी डॉक्टर पायाखालचं पेडल लवकर सोडत नाहीत. फिल्म लांबवतात. डावी बाजू भरून रिकामी होऊ लागते तेव्हा हृदयाच्या मधल्या पडद्यातून केसाएवढ्या, नागमोडी रेषा उजव्या बाजूला सरकताना दिसतात, आणि बघता बघता त्या बंद धमनीचं पुढचं टोक उलट्या दिशेनं भरत येतं. या आडवाटांना कोलॅटरल म्हणतात. त्या भरपूर असतील तर त्या भागातला स्नायू जिवंत राहिलेला असू शकतो.

इथे दोन गैरसमज होतात. ‘आडवाटेनं रक्त येतंय, मग काळजी नको’ हा पहिला. बसल्या जागी ते रक्त पुरत असेलही, पण श्रम केले की सहसा पुरत नाही. ब्लॉकच्या पलीकडे वायरनं दाब मोजला तर आडवाटा कितीही छान दिसत असल्या तरी पलीकडच्या दाबाचं अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर बहुतेक वेळा ०.८०च्या खालीच येतं, म्हणजे रक्त कमी पडतंय. दुसरा गैरसमज म्हणजे ‘शंभर टक्के आहे, म्हणजे कधीही काहीही होईल’. जी धमनी आधीच बंद आहे ती आणखी बंद होणार नाही. खरी चिंता तिला रक्त पुरवणाऱ्या धमनीची. त्या दात्या धमनीतच ७० टक्के अडथळा असेल तर दोन भागांचा भार एकाच अरुंद नळीवर आहे. रिपोर्ट वाचताना सगळ्यांची नजर १०० वर खिळते आणि ७० कडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. कोणत्या धमनीतून कोणत्या धमनीला रक्त जातंय, हे डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा. दोन मिनिटं लागतात.

उघडून मिळणार काय

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर पुष्कळांना नको तेवढं साधं वाटतं: बहुतेक स्थिर पेशंटमध्ये त्रास कमी होतो. आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही.

कोरियातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेल्या ‘डिसिजन-सीटीओ’ चाचणीत (२०१९) आठशेहून जास्त पेशंट होते. काहींची बंद धमनी उघडली, काहींची तशीच ठेवली. औषधं सगळ्यांना होती. साधारण चार वर्षांनी मृत्यू, अटॅक, पक्षाघात, पुन्हा करावी लागलेली प्रोसिजर यांच्या बेरजेत फरक दिसला नाही. ही चाचणी ठरवलेली संख्या गाठण्याआधी थांबवावी लागली, आणि औषधांच्या गटातल्या जवळपास पाचातल्या एकाची धमनी पुढे उघडलीच गेली. म्हणून तिला अखेरचा शब्द कुणी मानत नाही. युरोपात झालेल्या ‘युरो-सीटीओ’त (२०१८) ३९६ जण होते. वर्षभरानंतर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत होणारा त्रास) पूर्ण थांबलेले पेशंट धमनी उघडलेल्या गटात शंभरात ७२, नुसत्या औषधांवर ५८. हा फरक खरा आहे. आणि नुसत्या औषधांवरही निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं थांबलं, हेही तितकंच खरं.

युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं घेऊनही अंजायना राहिला किंवा मोठ्या भागाला रक्त कमी पडत असल्याचं तपासणीत दिसलं, तर सीटीओ उघडण्याचा विचार करावा. अमेरिकेच्या २०२१ च्या सूचना आणखी हात राखून आहेत: बाकीचे अडथळे हाताळून झाल्यावरही त्रास राहिला तर फायदा होईलच असं नाही, पण विचार करता येईल.

तेव्हा ‘जीव वाचवायला’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, कुठल्या आधारावर. ‘जिना चढताना त्रास होतो तो कमी व्हावा म्हणून’ असं म्हणाले तर ते रास्त कारण आहे.

‘काही त्रास नाही’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

कारण त्रास आहे की नाही, यावरच बरंचसं ठरतं, आणि पेशंट त्रास लपवतात. मुद्दाम असं नाही, त्यांना स्वतःलाच कळलेलं नसतं. एक काका डॉक्टरांना ठामपणे सांगत होते, छातीत कधी दुखलं नाही, मी ठणठणीत आहे. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, हो, दुखत नाही, पण वरच्या मजल्यावरची त्यांची खोली सोडून गेली दोन वर्षं हॉलमध्येच झोपतात. काका म्हणाले, वर उकडतं.

म्हणून ‘दुखतं का’ याऐवजी ‘काय करणं सोडलं’ हे विचारा. पूर्वी न थांबता किती चालायचे, आता कुठे थांबतात? कुठलं काम दुसऱ्यावर ढकललं? दम लागतो का, लवकर थकवा येतो का? मधुमेहींमध्ये आणि वयस्कर लोकांत छातीत दुखण्याऐवजी नुसता दमच लागू शकतो. आठवडाभर वहीत नोंद करा: काय करत होते, काय झालं, किती वेळ टिकलं, जिभेखालची गोळी लागली का. ओपीडीत ही वही दहा मिनिटांच्या गप्पांपेक्षा जास्त कामाची ठरते. खरोखरच त्रास नसेल तर ट्रेडमिल किंवा दुसऱ्या स्ट्रेस टेस्टनं ते पडताळता येतं. तिथेही सगळं ठीक निघालं तर औषधांवर राहून नियमित तपासणी करणं हा पूर्ण उपचार आहे. त्याला ‘काहीच केलं नाही’ म्हणू नये.

‘औषधं घेऊन बघितली, उपयोग नाही’ हे वाक्यही तपासून घ्या. फाइल उघडली की पुष्कळदा एकच गोळी, तीही सगळ्यात कमी डोसची, आणि तीसुद्धा मधे मधे चुकवलेली. अंजायना आवरणारी औषधं बरीच आहेत: बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, नायट्रेट, निकोरँडिल, रॅनोलाझिन, आयव्हाब्रॅडिन. यांतली दोन-तीन योग्य डोसमध्ये काही आठवडे दिली का, हे विचारा. (नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिलसारखी गोळी घ्यायची नाही, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. संकोचापायी हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.) स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, रक्तदाब आणि साखरेचा ताबा, तंबाखू बंद, ही फळी वेगळी. आयुष्य वाढवतात ती हीच, आणि स्टेंट घातला किंवा बायपास झाली तरी ती सुटत नाही.

स्नायू जिवंत आहे का, आणि पंपिंगचं आश्वासन

बंद धमनीच्या भागातला स्नायू मेलेला असेल, त्याचा नुसता व्रण उरला असेल, तर तिथे रक्त पोचवून हाती फारसं काही लागत नाही. इकोत तो भाग हलतोय का हे आधी दिसतं. तो हलत असेल तर बहुधा जिवंत आहे. हलत नसेल तर एमआरआय, पेट किंवा न्यूक्लिअर स्कॅन. एमआरआयमध्ये व्रण भिंतीच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त असेल तर तो भाग सुधारण्याची आशा कमी. हे न तपासता थेट वायर टाकायचा बेत असेल आणि इकोत तो भाग हलत नसेल, तर थांबून विचारा.

‘धमनी उघडली की पंपिंग वाढेल’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. एखाद्या पेशंटमध्ये वाढतं, नाही असं नाही. पण अटॅकच्या पेशंटमधली दुसरी, जुनी बंद धमनी उघडून पाहणाऱ्या ‘एक्सप्लोर’ चाचणीत (२०१६) सरासरी पंपिंग वाढलं नाही. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या ७०० जणांच्या ‘रिव्हाइव्हड’ चाचणीत (२०२२) स्टेंटमुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं कमी झालं नाही. बायपासचं चित्र थोडं निराळं आहे. अशाच कमजोर हृदयाच्या १,२१२ जणांच्या ‘स्टिच’ चाचणीत दहा वर्षांच्या अखेरीस बायपासच्या गटात शंभरात ५९ दगावले, औषधांच्या गटात ६६. मोठी शस्त्रक्रिया, सुरुवातीचा धोका जास्त, फायदा दिसायला वर्षं लागतात. साठीच्या माणसाला हा सौदा पटेल, ऐंशीच्या माणसाला कदाचित नाही.

स्टेंट की बायपास

सीटीओ एकटा आहे की आणखी धमन्या खराब आहेत, यावर हे फिरतं. मधुमेह आणि दोन-तीन धमन्यांत आजार असेल तर बायपासची बाजू जड आहे. २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत ते स्पष्ट दिसलं. डाव्या बाजूची पुढची मोठी धमनी, एलएडी, बंद असेल तर छातीच्या आतली धमनी तिला जोडता येते, आणि ती दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असते. पायाची शीर तितकी टिकत नाही. उलट, एकटी उजवी धमनी बंद, बाकी ठीक, औषधं घेऊनही दम लागतोय, अशा पेशंटची तेवढ्यासाठी छाती सहसा कुणी उघडत नाही. आणि कधी सर्जनच फिल्म बघून म्हणतात, पुढचं टोक इतकं बारीक आहे की जोडायला जागाच नाही. म्हणून दोघांचंही मत घ्या, कार्डिओलॉजिस्टचं आणि सर्जनचं, शक्यतो एकत्र बसवून.

एक गोष्ट मात्र मी आवाज चढवून सांगते. अँजिओग्राफी चालू असताना, पेशंट टेबलावर झोपलेला असताना, बाहेर येऊन ‘शंभर टक्के निघालं, लगे हाथ उघडू का’ असं विचारलं गेलं, आणि पेशंट स्थिर असेल, तर ‘आज नको’ म्हणायला काही हरकत नसते. सीटीओ सहसा वेगळ्या दिवशी, फिल्म शांतपणे अभ्यासून करायचं काम आहे. त्या दिवशीचा डाय आधीच वापरला गेलेला असतो, आणि घाईत घेतलेल्या सहीला संमती म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

स्टेंट ठरलाच तर

किती अवघड जाईल हे आधी बऱ्यापैकी सांगता येतं. जपानी डॉक्टरांनी २०११ साली मांडलेला जे-सीटीओ स्कोअर पाच गोष्टींना एकेक गुण देतो: ब्लॉकचं तोंड निमुळतं नसून बोथट असणं, कॅल्शियम, ४५ अंशांहून जास्त वळण, २० मिलिमीटर किंवा जास्त लांबी आणि आधीचा फसलेला प्रयत्न. शून्य म्हणजे सोपं, तीन किंवा पुढे म्हणजे फार अवघड. ‘माझा स्कोअर किती’ एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळतं की तुम्ही तयारीनं आलात.

मग डॉक्टरांना त्यांच्याबद्दल विचारा. असं काम नियमित करता का? तुमच्या हातून किती यशस्वी होतात? समोरून जमलं नाही तर आडवाटेतून उलट दिशेनं जाण्याची पद्धत तुम्ही करता का, की तिथे थांबता? धमनी फुटली तर त्याच खोलीत काय काय तयार असतं? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. अनुभवी केंद्रांत यश शंभरात ८५ ते ९०, आणि गंभीर गुंतागुंत साधारण तीन जणांत: धमनीला छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साठणं, अटॅक, क्वचित मृत्यू. साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा हा धोका जास्त आहे. उलट्या मार्गानं जाताना आणखी थोडा जास्त, कारण तेव्हा वायर त्या चांगल्या, दात्या धमनीतून जाते.

आत काय होतं, तर दोन ठिकाणांहून नळ्या घालतात, मनगटातून किंवा जांघेतून, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी डाय सोडून बंद भागाची दोन्ही टोकं पडद्यावर आणतात. मग एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची वायर त्या कठीण भागातून पुढे सरकवायची. दोन-तीन तास सहज जातात. त्या वेळात माझं लक्ष दोन आकड्यांवर असतं. एक रेडिएशनचा, तो ग्रेमध्ये मोजतात. दुसरा डायचा. मी मोठ्यानं सांगत राहते: तीन ग्रे, चार ग्रे. पाच ओलांडले की नोंद होते, पेशंटला सांगावं लागतं आणि पुढचे काही आठवडे पाठीच्या कातडीवर लक्ष ठेवावं लागतं. डायची मर्यादा किडनीवर ठरते. बरेच डॉक्टर ईजीएफआरच्या (किडनी किती गाळते हे सांगणाऱ्या) आकड्याच्या तिप्पट मिलिलिटरच्या पुढे जायचं टाळतात, म्हणजे ईजीएफआर ५० असेल तर दीडशे. माझा आकडा ऐकून, वायर अगदी पोचत आल्यासारखी वाटत असतानाही हात मागे घेणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि माझ्या घरच्यांना मी त्यांच्याकडेच नेईन. म्हणून आधीच विचारा: कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवलंय का?

अर्धवट थांबलं म्हणजे सगळं वाया गेलं असंही नसतं. कधी कधी ब्लॉकमध्ये फुगा फुगवून, वाट थोडी मोकळी करून सोडतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जातात. दुसऱ्या खेपेला पुष्कळदा सोपं जातं.

नंतरचं थोडक्यात. त्या रात्री छातीत नव्यानं दुखलं, चक्कर आली, घाम फुटला तर सकाळची वाट न बघता नर्सला सांगा. हृदयाभोवतीचं रक्त काही तासांनीही साठू शकतं. दोन-तीन दिवसांनी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर असतात. दात काढायचा असो की दुसरं ऑपरेशन, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. पाठीवर लालसर चट्टा उठला तर त्वचेच्या डॉक्टरांना अँजिओप्लास्टी झाल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर नायटा समजून मलम लावत बसाल.

आणि डिस्चार्जच्या आधी, काहीही ठरलेलं असो, अँजिओग्राफीच्या फिल्मची प्रत सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुसरं मत घ्यायला गेलात की तिथले डॉक्टर टाइप केलेला रिपोर्ट बाजूला सारून पहिल्यांदा फिल्मच मागतात. आडवाटा कुठून येतात, टोक बोथट आहे की निमुळतं, हे कागदावर क्वचितच लिहिलेलं असतं. प्रत मिळाली की तिथल्याच कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा. रिकामी सीडी घेऊन गेलेले लोक मला माहीत आहेत.